बोट ठेवून दाखवा

माझ्या मावशीकडे रफूला दिलेला कपडा न्यायला आलात, तर तो लगेच हातात पडत नाही. आधी परीक्षा द्यावी लागते. मावशी कपडा टेबलावर पसरते, चष्मा कपाळावर सरकवते, हाताची घडी घालते आणि म्हणते, "बोट ठेवून दाखवा." म्हणजे भोक कुठे होतं ते दाखवा. गिऱ्हाईक वाकून बघतं, डोळे बारीक करतं, कपडा उजेडाकडे धरतं, उलटा करतं आणि शेवटी भलत्याच ठिकाणी बोट टेकवतं. "तिथे तर काहीच नव्हतं हो!" असं म्हणताना मावशीच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो तिच्या लग्नाच्या फोटोतही नाही. आणि चुकून एखाद्याचं बोट बरोबर जागी पडलंच, तर तो कपडा त्या दिवशी दुकानाबाहेर जात नाही. सगळे धागे काढून काम पुन्हा पहिल्यापासून.

मी लहानपणापासून ही परीक्षा देतेय आणि लहानपणापासून नापास होतेय.

दुकान आमचं दोघींचं. पुढच्या खोलीत मी असते, तिथे धुलाई, इस्त्री आणि भांडण चालतं. मागच्या खोलीत ती असते आणि तिथे फक्त रफू चालतं. माझा राग नाकावर, म्हणून ती मला ठिणगी म्हणते. तिला मात्र राग येत असेल तर तो तिने कधीच कुठेतरी आतल्या शिवणीत दुमडून टाकलेला असावा. मला तरी तो सापडला नाही.

मावशीचं सगळं आयुष्य न दिसण्यात गेलं, आणि ते तिने आनंदाने घालवलं हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच हळहळाल. घरातल्या फोटोंत ती शोधावी लागते. कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा कान दिसला की ती मावशी. लग्नकार्यात ती मांडवात कमी आणि कुणाच्या तरी उसवलेल्या बाहीपाशी जास्त. "चांगलं काम दिसत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. भोकाच्या कडेचा एक एक धागा ती सुईच्या टोकाने मोकळा करते, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून जुळणारे धागे ओढून काढते आणि उभं-आडवं नवं विणकाम करावं तसा तो भाग भरत जाते. बाजारातला धागा तिला चालत नाही. "परका धागा परकाच दिसतो," म्हणते.

तिच्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्याखाली ओढा. तो काही चित्रात काढावा असा नाही. उन्हाळ्यात थोडा वास मारतो, कधी त्यातून कुणाची चप्पल एकटीच प्रवास करताना दिसते. पण आमच्या भिंतीपाशी तो वळण घेतो आणि पाणी जरा थांबतं. सकाळचं ऊन त्या पाण्यावर पडतं, तिथून उसळून छतावर येतं आणि छतावरून मावशीच्या टेबलावर उतरतं. दिव्याचा उजेड एका बाजूने येतो आणि हाताची सावली नेमकी सुईवर पडते. पाण्याचा उजेड सगळीकडून येतो, त्यात सावलीच पडत नाही. काळ्या कपड्यावर काळा धागा चालवायचा असेल तर मावशी ते काम सकाळसाठी राखून ठेवते. तिचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. तरी ती काम करू शकते ती त्या खिडकीच्या जोरावर. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. बाकी कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

ती वेळ आली ती प्रश्नताईमुळे.

प्रश्नताई हे आम्ही ठेवलेलं नाव. विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी, खांद्यावर पिशवी, वहाणेचा पट्टा दोऱ्याने बांधलेला. पहिल्या दिवशी काउंटरपाशी आली तेव्हा मी विचारलं, "धुवायचं की इस्त्री?"

"मला ओढ्याबद्दल बोलायचंय."

"ओढा आम्ही धूत नाही."

ती हसली, हे तिच्या बाजूने एक झालं. मग तिने विषय सांगितला. पर्यावरण, बायका, कला आणि काळजी. मी म्हटलं, "एवढ्या लहान जिवाला एवढे विषय?" ती म्हणाली, "विषय एकच आहे हो, नाव तेवढं लांब आहे." मग नीट समजावून सांगितलं. नगरपालिकेकडे ओढ्याची रुंदी आहे, खोली आहे, पाण्यात काय काय मिसळलंय तेही आहे. पण त्याच्या काठावर रोज कोण काम करतं, कोण त्यातला कचरा काढतं, कोण त्याच्याशेजारी बसून आजाऱ्याचे कपडे धुतं, हे कुणी विचारलेलंच नाही, कारण ती कामं बायकांची आणि म्हणून कामं नव्हेतच. तिला ते विचारायचं होतं. आणि समोर बसवून प्रश्न विचारले की बायका "आमचं काय सांगायचं" म्हणून गप्प होतात, हात गुंतलेले असले की बोलतात, म्हणून सगळ्यांनी मिळून ओढ्याचं एक लांब कापड शिवायचं. प्रत्येकीने आपल्या जुन्या कपड्याचा तुकडा आणायचा आणि त्यावर ओढ्याची आपली आठवण शिवायची.

मला आधी हे सगळं शिकलेल्यांचं खूळ वाटलं. पण बोलता बोलता तिने माझ्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक उचललं, मागे सरकली, ताण दिला, आणि घडी माझ्याबरोबर अगदी नेमकी घातली. चादरीचं दुसरं टोक नीट धरता येणारं माणूस वाईट नसतं, असं माझं मत आहे.

त्याच सुमारास गल्लीत नोटीस लागली. आमच्या मागचा ओढ्याचा तुकडा झाकणार. वरून सिमेंटचा स्लॅब, स्लॅबवर गाड्या लावायची जागा आणि कडेला चार बाकं. तक्रारी असतील तर सभेत मांडा. मी नोटीस वाचली आणि आठवडाभर जो भेटेल त्याच्यावर ओरडत होते. एका गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने फक्त शर्ट कधी मिळेल एवढंच विचारलं होतं. मावशी मात्र "बघू" म्हणाली आणि सुईत दोरा ओवत बसली. मी म्हटलं, "अगं, बघू काय? खिडकीसमोर गाड्यांची नाकं येतील! काम कुठे करशील?"

"बघू म्हटलं ना. पुढच्या खोलीत ये-जा असते, तिथे नाही जमायचं. बघू."

त्यानंतर ती खूप वेळ छताकडे बघत होती. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. तिच्या जिवाला घोर लागला होता आणि ती तो कुणाला दाखवणार नव्हती. मला रडू येत होतं, म्हणून मी पुढे जाऊन आणखी एकावर ओरडले.

नोटिशीमुळे कापडाला काम मिळालं. ते सभेत दाखवायचं ठरलं. दर बुधवारी दुपारी गल्लीतल्या बेकरीवालीच्या मागच्या कोठीत, पिठाच्या पोत्यांवर, आम्ही जमायचो. बेकरीवालीने पिठाच्याच एका जुन्या पोत्याचा तुकडा घेतला आणि त्यावर शिळे पाव खायला येणारी बदकं शिवली. ती बदकं बेकरीवालीइतकीच गुटगुटीत झाली होती, पण ते तिला सांगायची कुणाची छाती? निवृत्त नर्सबाईंनी गणवेशाचा तुकडा आणला आणि त्यावर दोरीवर वाळणारी दुपटी काढली. एकेकाळी नळाला पाणी नसायचं, तेव्हा गल्लीतल्या कितीतरी बाळंतिणींचे कपडे त्यांनी ओढ्यावर धुतले होते. मी काय काढलं ते विचारू नका. इस्त्री काढली होती, सगळ्यांना होडी वाटली.

मावशी दर बुधवारी यायची. सगळ्यांच्या सुया ओवून द्यायची, गाठी सोडवायची, कुणाचा टाका वाकडा गेला की न बोलता सरळ करायची. पण स्वतःचा तुकडा शिवायची नाही. "माझं काय सांगण्यासारखं? मी तर ओढ्याकडे पाठ करून बसते," म्हणायची. प्रश्नताईने हट्ट धरला नाही. मावशीने दिलेली जुनी निळी चादर तिने कापडाच्या मधोमध लावून घेतली, नेमकी आमच्या गल्लीमागच्या वळणाच्या जागी, आणि म्हणाली, "ही जागा तुमच्यासाठी ठेवते. सुचलं तर शिवा."

आणि आता ऐका, सगळ्या शहाण्या बायका मिळून घोटाळा कसा करतात ते.

सभेआधीच्या बुधवारी मावशी तिच्या नवऱ्याबरोबर, म्हणजे काकांबरोबर, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. इकडे नर्सबाईंना सुचलं. निळी चादर रिकामीच राहिलीय, तर जो तुकडा नगरपालिका झाकणार आहे तिथे भोकच पाडू या. बघणाऱ्याला कळू दे, काय जाणार आहे ते. सगळ्यांना पटलं. नर्सबाईंनी ऑपरेशनला उभं राहिल्यासारखा चेहरा करून तळहाताएवढं भोक कापलं आणि कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर कडा हलकेच शेकून घेतल्या. काम फक्कड झालं. कडा तपकिरी झाल्या, त्यामुळे तर ते फारच दुखरं दिसू लागलं.

मावशीला सांगायचं राहिलं. प्रश्नताईला वाटलं, मी सांगेन, मी तर तिच्याच दुकानात असते. मला वाटलं, चादर मावशीची, तर प्रश्नताई रीतसर विचारेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं.

शुक्रवारी कापड इस्त्रीला माझ्याकडे आलं. मी ते जिवापाड जपून इस्त्री केलं, तिथेच इस्त्रीच्या टेबलाशेजारी दांडीवर टाकलं आणि दोन दिवस आईकडे गेले. पुढचं मला नंतर कळलं. शनिवारी सकाळी मावशीने दुकान उघडलं. तिला काय दिसलं? सभेला न्यायचं कापड, मधोमध तळहाताएवढं भोक, भोकाच्या कडा करपलेल्या, आणि शेजारी माझी इस्त्री.

आता खरं सांगायचं तर या बाबतीत माझा लौकिक काही फार चांगला नाही. सुरुवातीच्या काळात मी एका वकिलाचा कोट जाळला होता आणि एका नवरदेवाची पँट, तीही लग्नाच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा मावशीने चकार शब्द न काढता ते भरून दिलं होतं. नवरदेवाचा संसार आजही सुखाचा चाललाय, त्याला अजून पत्ता नाही. तर मावशीने काय समजायचं ते समजून घेतलं. पोरीच्या हातून जळलं, बिचारी घाबरून आईकडे पळाली. सभेत तिची फजिती व्हायला नको.

शनिवार आणि रविवार ती त्या खिडकीत बसून होती. चादरीच्या दुमडीतून निळे धागे काढले, करपलेली कड सोलून टाकली आणि भोक भरलं. काकांनी मला सांगितलं, "दोन दिवस चहा मी केला आणि तिने तो नाव न ठेवता प्यायला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी मोठं चाललंय."

सोमवारी मी घाईघाईने आले तेव्हा कापड घडी घालून तयार होतं. ते बगलेत मारून आम्ही सभेला गेलो.

नगरपालिकेच्या सभागृहात लाकडी खुर्च्या आहेत, त्या बसलं की कुरकुरतात आणि उठलं की जास्त कुरकुरतात. समोर अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी इंजिनिअरसाहेब. हे साहेब आमचे गिऱ्हाईक. ओढ्याची मोजणी करताना कुंपणाच्या तारेला अडकून त्यांची पँट फाटली होती. मावशीने रफू करून दिली, त्यांनीही परीक्षा दिली आणि सगळ्यांसारखेच नापास झाले. "कमाल आहे!" असं किती वेळा तरी म्हणाले होते. माणूस चांगला. मला त्यांच्यावर रागवायला फार कष्ट पडायचे, तरी मी ते घेत होते.

आमची पाळी आली. आम्ही बायका रांगेत उभ्या राहिलो आणि कापड उलगडत नेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बदकं आली, दुपटी आली, माझी होडीसारखी इस्त्री आली. लोक पुढे वाकून बघू लागले. प्रश्नताई छान बोलत होती. मग ती म्हणाली, "आणि आता ही मधली रिकामी जागा बघा. हे भोक आम्ही मुद्दाम ठेवलंय, कारण..."

सगळ्यांनी बघितलं. भोक नव्हतं. निळी चादर अखंड होती, गुळगुळीत, पहिल्या दिवशीसारखी.

प्रश्नताईने कापड उचलून मागून बघितलं. नर्सबाईंनी चष्मा पुसला. तेवढ्यात मावशी माझ्या कानाशी आली आणि लाडाने कुजबुजली, "घाबरू नकोस गं. तुझं जळलेलं भरून टाकलंय मी. कुणालाही कळायचं नाही."

"मावशी," मी म्हटलं, "ते जळलं नव्हतं. ते कापलं होतं. तेच तर दाखवायचं होतं!"

मावशीचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, का बोलले मी. कुणाच्याही कपड्याला, कुणाच्याही कामाला तिच्या हातून कधी इजा झाली नव्हती. आणि झाली ती अशी, जीव ओतून केलेल्या कामाने.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. इंजिनिअरसाहेब उभे राहिले. त्यांना आमची खिल्ली उडवायची नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. उलट त्यांना सांभाळून घ्यायचं होतं.

"हे काम कुणाचं आहे ते मी ओळखलं," ते मावशीकडे बघून आदराने म्हणाले. "आणि बघा, आमचंही म्हणणं दुसरं काय आहे? आम्हीही असंच करणार आहोत. इतकं सफाईदार झाकू, की दोन वर्षांनी इथे ओढा होता हे कुणाला बोट ठेवूनही दाखवता येणार नाही."

सभागृहात टाळ्या पडल्या. मी मावशीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या ओठांतलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ती उभ्या जागी थिजली होती.

मग ती पुढे गेली. माझी मावशी, जी फोटोतसुद्धा पुढे येत नाही, ती सगळ्यांसमोर गेली आणि नर्सबाईंना म्हणाली, "बाई, भोक तुम्ही कापलंत ना? बोट ठेवून दाखवा."

नर्सबाई वाकल्या. चादरीवरून तळवा फिरवला. इकडे बोट नेलं, तिकडे नेलं. "इथे... नाही, इथे असेल." नव्हतं. बेकरीवालीने बघितलं, प्रश्नताईने बघितलं, मी बघितलं. जिने स्वतःच्या हाताने ते कापलं होतं तिलाही ते सापडेना. हसणं हळूहळू थांबलं.

"चार दिवसांपूर्वी पाडलेलं भोक," मावशी म्हणाली. "आणि पाडणाऱ्यांनाच सापडत नाही. साहेब, मी जन्मभर हेच करत आले. मला त्याचा अभिमान होता. आत्ता तुम्ही बोललात तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली मला." तिने चादरीवर तळवा ठेवला. "पण मी झाकते ना, तेव्हा त्याच कापडाचा धागा काढून झाकते. सिमेंटमध्ये ओढ्याचा धागा कुठून आणाल?"

साहेब काहीतरी बोलणार होते, पण मावशी आता त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने एक खुर्ची ओढली, ती यथेच्छ कुरकुरली. पिशवीतून बारीक कात्री काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि अध्यक्षबाईंना म्हणाली, "जरा वेळ लागेल हं. माझी चूक आहे, मलाच निस्तरली पाहिजे."

"किती वेळ?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"भरायला लागला तेवढा नाही."

आणि तिने धागे काढायला सुरुवात केली. स्वतःचं सर्वांत सुंदर काम ती भर सभेत उसवत होती. सभेचं कामकाज थांबलं. एक निळा धागा निघायचा, तो ती गुडघ्यावर ठेवायची, मग दुसरा. अशा शांततेत नुसतं बसवत नाही. नर्सबाई म्हणाल्या, "त्या वळणावर एक सपाट दगड आहे. एका बाळंतिणीला घरचे लोक कपडे धुवू देत नव्हते आणि तिचे धुवायलाही कुणी नव्हतं. मी तिथे बसून धुतले. ती रोज खिडकीतून हात करायची." बेकरीवालीने सांगितलं, नवऱ्याच्या आजारपणात ती भट्टी पेटवण्याआधी त्या वळणावर जाऊन बसायची आणि रडून यायची, कारण घरात रडलं की तो घाबरायचा. बदकं तेव्हापासूनची. आम्ही इतके बुधवार तिच्या कोठीत बसलो, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. प्रश्नताईने काही लिहून घेतलं नाही. ती मावशीच्या पायाशी बसून सुटलेले धागे सांभाळत होती.

शेवटी मावशी बोलली, मान वर न करता. "मी म्हणायचे, माझं काही सांगण्यासारखं नाही. मी त्या वळणाकडे पाठ करून बसते, सकाळी. पाण्यावरून माझ्या छतावर उजेड येतो. माझे डोळे आता थकलेत, पण त्या उजेडात मला काळ्यात काळा धागा दिसतो. तुम्ही पाणी झाकलंत, तर माझं काम संपलं. एवढंच माझं." आणि मग जरा लाजून म्हणाली, "मला काम करायला फार आवडतं हो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि या वेळी ओरडावं असं जवळ कुणीच नव्हतं.

भोक पुन्हा झालं. कापड आम्ही वर धरलं, तर त्या भोकातून पलीकडच्या अध्यक्षबाईंचा चेहरा दिसत होता. त्या म्हणाल्या, "निर्णय आज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअरसाहेब दुकानात आले. मी इस्त्री हातात घेऊनच विचारलं, "काय हवंय?" ते म्हणाले, "खिडकी बघायचीय." मावशीने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, काळा कोट समोर पसरला आणि काळा धागा ओवलेली सुई हातात दिली. त्यांनी छताकडे बघितलं, कोटाकडे बघितलं. मग मावशीने खिडकीवर पुठ्ठा धरला. साहेबांनी सुई बोटात टोचून घेतली आणि मोठ्याने हसले. "कळलं, कळलं, काढा तो पुठ्ठा!"

पुढे बैठका झाल्या, कागद इकडून तिकडे गेले, मी आणखी काही लोकांवर ओरडले. वरच्या चौकाजवळचा तुकडा झाकलाच, तिथपर्यंत आमचे हात पोहोचले नाहीत आणि त्याचं वाईट वाटतं. पण आमच्या मागचं वळण उघडं राहिलं. गाड्या जुन्या बस डेपोच्या आवारात गेल्या. बाकं मात्र आली, आणि त्यातल्या एकावर पहाटे बेकरीवाली बसते. हल्ली ती तिथे गाणी म्हणते, बदकांच्या सहनशक्तीला दाद द्यावी तेवढी थोडी.

कापड आता वाचनालयाच्या भिंतीवर आहे. प्रत्येक तुकड्याखाली तो करणारीच्या नावाची पाटी आहे. भोकाखाली मावशीचं पूर्ण नाव आहे, प्रश्नताईने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "लोकांची नावं कामाखाली लागतात, आमच्या हिचं भोकाखाली लागलं." मावशी वाचनालयात जाते तेव्हा त्या भिंतीकडे बघत नाही. भोक दिसलं की हात शिवशिवतात म्हणते.

परवा माझ्या हातून इस्त्री करताना माझाच एप्रन जळला. या वेळी खरोखरच जळला, खिशाच्या वर, छातीपाशी. मी तो गपचूप मावशीच्या टेबलावर ठेवला. सकाळी तिने मला मागे बोलावलं. एप्रन पसरलेला होता, छतावर पाणी हलत होतं. तिने चष्मा कपाळावर सरकवला, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "ठिणगे, बोट ठेवून दाखव."

मी वाकले. शोधायची गरजच नव्हती. पांढऱ्या एप्रनवर निळ्या धाग्याने भरलेला गोल होता, त्या चादरीच्या, सभेत निघालेल्या धाग्यांनी भरलेला. परका धागा. लांबूनही दिसत होता. मी त्यावर बोट ठेवलं.

"सापडलं?" मावशीने विचारलं.

"सापडलं."

"मग पास झालीस की गं. आता रडतेस कशाला?"